गिअरबॉक्सचा ठराव

आमच्या ट्रकचा दुसरा गिअरबॉक्स जुलैमध्ये फुटला तेव्हा त्यातलं सगळं तेल शर्यतीच्या पट्ट्यावर सांडलं, आणि ते पुसायला तिथल्या लोकांना चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं मी हेल्मेट काखेत धरून कडेला उभी होते आणि तीन-चारशे माणसं माझ्यामुळे उन्हात ताटकळत होती. कोणी एका शब्दाने बोललं नाही. मिनेसोटाची माणसं अशा वेळी फक्त हवेबद्दल बोलतात. एक बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाली की आज वारा तरी आहे. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कांता. वय एक्कावन्न, मूळची नागपूरची, ईडन प्रेरीजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. हा डिझेल पिकअप, इथे त्यालाच ट्रक म्हणतात, आम्ही घेतला तो आमच्या इथल्या बौद्ध संघाच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी. खुर्च्या, स्पीकर आणि दीडशे माणसांच्या जेवणाची पातेली न्यायची असतात, आणि एप्रिलमध्ये इथे बर्फात छोट्या गाड्या रुतून बसतात. मग लॅबमधली एक मैत्रीण मला एका शनिवारी डिझेल ट्रकच्या शर्यती बघायला घेऊन गेली. पुढच्या शनिवारी मी आमचाच ट्रक घेऊन गेले. पातेली उतरवायची आठवण राहिली हेच नशीब.

शर्यत असते एक फर्लांगाची, म्हणजे साधारण दोनशे मीटरची. दोन ट्रक शेजारी-शेजारी उभे राहतात, पिवळे दिवे लागतात, हिरवा लागला की सुटायचं. माझ्या वर्गाचा नियम असा, की फर्लांग सात पॉइंट सत्तर सेकंदांत कापायचा. त्याहून कमी वेळात गेलात तर तुम्ही बाद, मग पहिले आलेले असलात तरी. दोघांपैकी कोणीच बाद झालं नाही तर जो आधी पोचला तो जिंकला. हा नियम माझ्या नवऱ्याला, म्हणजे धर्मराजांना, ऐकताक्षणी आवडला. ते सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेत. ठरल्यापेक्षा चांगलं झालं तरी त्यांच्या लेखी ती चूकच असते.

दोन उन्हाळ्यांत मी नऊ वेळा तिथे उभी राहिले आणि नऊच्या नऊ वेळा पहिल्याच फेरीत हरून घरी आले. तेलाच्या त्या प्रकारानंतर मी जेवताना जाहीर केलं, की सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत एक, फक्त एक फेरी जिंकले तर ठीक, नाहीतर हेल्मेट कायमचं माळ्यावर आणि ट्रक पुन्हा पातेल्यांचा. मी बोललेलं मागे घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. धर्मराज नुसते “बरं” म्हणाले. त्या एका फेरीची मला मात्र इतकी हाव होती की सांगायची सोय नाही.

तर आता नवा गिअरबॉक्स घ्यायचा होता. धर्मराजांनी लगेच एक्सेल उघडलं. तेरा कॉलम केले, प्रत्येकाला गुण ठेवले. त्यात एक कॉलम मायलेजचा होता. मी विचारलं, एका फर्लांगाला कसलं आलंय मायलेज? ते म्हणाले, कॉलम असू दे. पुढे रीसेलचाही होता. मी ट्रकसाठी जीव टाकत होते आणि हा माणूस तो विकताना काय मिळेल त्याला दहातले आठ गुण देत होता.

इथवर ठीक होतं. पण आमच्यात एवढी मोठी वस्तू कोणी एकट्याने घेत नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आमची वंदना असते, मग जेवण, मग सभा. आम्ही सगळी सभांवर वाढलेली माणसं. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, मतदान, इतिवृत्त, यातलं एक जरी राहिलं तरी जेवण पचत नाही. ऑगस्टच्या सभेत अध्यक्षस्थानी रवींद्रकाका होते. आमच्यातल्या अतुलचे वडील, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, आणि त्याआधी बत्तीस वर्षं कलेक्टर ऑफिसात काढलेली. त्यांनी कागदावर विषय क्रमांक चार म्हणून लिहून घेतलं: सौ. कांताताई यांच्या ट्रकला कोणता गिअरबॉक्स बसवावा याबाबत. विषय क्रमांक तीन चपलांच्या रॅकचा होता आणि तो पाऊण तास चालला होता, त्यामुळे लोकांचा आवाज छान तापलेला होता.

संग्राम उठला. हा पुण्याचा, क्लाउडमध्ये काम करतो आणि त्याला कशातही जास्त नग असले की बरं वाटतं. त्याने सहा गिअरचा मांडला. त्याच्या स्वतःच्या गाडीत दहा आहेत, तरी आपण सहावरच थांबतोय, असं तो मोठ्या मनाने म्हणाला. अतुलने यूट्यूबवर पाहिलं होतं की खरे शर्यतवाले तीनच गिअरचा घेतात. जेवढे कमी गिअर तेवढं बिघडायला कमी. त्यावर दोन तट पडले. ज्यांना ट्रक आणि ट्रॅक्टरमधला फरक माहीत नव्हता तेसुद्धा टेबलावर हात आपटून बोलायला लागले. मी एकदा हात वर केला, तर रवींद्रकाका म्हणाले, ताई, तुमचं नाव यादीत सातवं आहे.

माझा नंबर यायच्या आत त्यांनीच तोडगा काढला. तीन हे एक टोक, सहा हे दुसरं टोक, आपल्याला मध्यम मार्ग शिकवलेला आहे, तेव्हा चार. धर्मराज उठून म्हणाले की तीन आणि सहाचा मध्य साडेचार येतो. रवींद्रकाकांनी ती हरकत नोंदवून घेतली आणि फेटाळली. चार गिअर बहुमताने मंजूर झाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण दुसरं कलम निघालं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही दोन तऱ्हा असतात. क्लच दोन्हींत नसतो. एकात गिअर आपोआप पडतात. दुसऱ्यात दांडा ओढून ते तुम्ही पाडायचे, गिअरबॉक्स नुसता हुकूम पाळतो. शर्यतीत बरेच जण दांड्याचा घेतात, आणि माझ्याकडेही आधी दांड्याचेच होते. धर्मराजांनी फक्त विचारलं होतं, की यातला कोणता? तर अपर्णा उभी राहिली. ही तिशीतली वकील आहे आणि बोलायला लागली की माणसं भजी हातात धरून थांबतात. ती म्हणाली, “आपल्या गाडीचा गिअर कायम दुसऱ्या कोणीतरी टाकला. आता कांताताईंच्या ट्रकचे गिअर कुठलं मशीन टाकणार नाही. ताई स्वतःच्या हाताने टाकतील.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढच्या रांगेतल्या रेखामावशींनी डोळे पुसले. सगळ्यांचे हात वर गेले. रवींद्रकाकांनी सवयीने विचारलं की विरोधात कोण, आणि मी हात वर केला. इतिवृत्तात तशी नोंद आहे: कलम दोनच्या विरोधात एक मत, स्वतः कांताताई. कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, वैयक्तिक. सगळ्यांना वाटलं, माझा विनय.

विनय कसला. मला खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर धर्मराजांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि मला एक आलेख दाखवला. ट्रकचा कॉम्प्युटर प्रत्येक शर्यतीची नोंद ठेवतो हे मला माहीत होतं. ते ती रोज वाचतात, हे माहीत नव्हतं.

“पहिल्यातून दुसरा गिअर तू दर वेळी सव्वा सेकंद लेट टाकतेस,” ते म्हणाले. “नऊच्या नऊ वेळा. तोपर्यंत इंजिन बोंबलत असतं. गिअरबॉक्स त्यानेच गेलेत. बाकी सगळं ओके आहे. मला फक्त रूट कॉज मिळत नाहीये.”

म्हणजे या माणसाला केव्हापासून माहीत होतं. जुलैमध्ये मी गिअरबॉक्सच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हाही माहीत होतं, आणि तो गप्प राहिला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

“मला हसू येतं,” मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. हिरवा दिवा लागतो, ट्रक सुटतो, पाठ सीटला घट्ट चिकटते, आणि ते अवजड धूड माझ्या पायाच्या एका दाबाने उधळलंय हे अंगात शिरतं, की पोटातून हसू फुटतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी यायचं तसं, आवरू म्हटलं की जास्त येणारं. डोळ्यांतून पाणी वाहतं. हात दांड्यावर असतो, पण तो कशासाठी आहे ते आठवत नाही. फर्लांग संपला की थांबतं. मी रक्ताच्या रिपोर्टांवर सही करणारी बाई आहे. लोक माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून औषधं घेतात. हे मी कोणाला सांगू?

धर्मराज हसले नाहीत. त्यांनी चौदावा कॉलम उघडला आणि त्यात लिहिलं: हसू.

“दर वेळी येतं?” त्यांनी विचारलं.

“दर वेळी.”

“मग तो डिफेक्ट नाही. तो फिक्स्ड इनपुट आहे. डिझाइन त्याच्याभोवती करायचं.”

सत्तावीस वर्षांच्या संसारात मला कोणी इतकं गोड बोललेलं नव्हतं. मी उठून त्यांना दुसरा चहा करून दिला, न मागता.

पुढच्या शनिवारी आम्ही व्हर्लिनकडे गेलो. हा सत्तरी उलटलेला म्हातारा ग्लेनकोच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये गिअरबॉक्स बांधतो. बोलतो इतकं कमी, की आपणच ओशाळून जास्त बोलतो. मी त्याला हसण्याचं सांगितलं. त्याने हात पुसले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला की यापेक्षा वाईट कारणं आपण ऐकली आहेत. सभेने चार गिअर ठरवलेत हे धर्मराजांनी सांगितलं तेव्हा मात्र तो पहिल्यांदा नीट हसला. कारण त्याच्या हिशेबी आम्ही नकळत बरोबर दार ठोठावलं होतं. हा चार गिअरचा म्हणजे मुळात तीन गिअरचाच भक्कम डबा, मागे चौथा जोडलेला. फर्लांगात तीनच लागतात, चौथा हायवेवरून घरी जायला. सहाचा घेतला तर बदल जास्त, आणि प्रत्येक बदलात काहीतरी मागेपुढे होतं. नुसता तीनचा घेतला तर ट्रक दुसऱ्या गाडीवर लादून आणावा लागेल. मध्यम मार्ग म्हणजे काय, हे मी त्याला समजावणार होते, पण धर्मराजांनी नजरेने थांबवलं.

राहिलं कलम दोन. व्हर्लिनने विचारलं, हाताने की आपोआप? घरघर करणाऱ्या एका जुन्या पंख्याशेजारी मी उभी होते आणि डोळ्यांपुढे टाळ्या वाजवणारा हॉल होता, रेखामावशींचे डोळे होते. संघाचा ठराव मी आजवर कधी मोडलेला नाही. पटला नाही तरी पाळते, हेच तर आम्ही पोरांना शिकवतो.

“आपोआप,” मी म्हणाले.

व्हर्लिनने मान हलवली. इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर पोचलं की गिअर पडायचा ते तो आकड्यावर बांधून देणार होता, दर वेळी त्याच जागी. मी फक्त दिव्यांकडे बघायचं, असं तो म्हणाला. बाकी हसायचं.

सप्टेंबरच्या त्या शनिवारी संघाची छत्तीस माणसं आली. निळे शर्ट, पुरीभाजी, घड्या घालायच्या खुर्च्या. मी नऊ वेळा हरले तेव्हा यातलं कोणी नव्हतं, आणि तेच बरं होतं. ट्रकच्या मागच्या फळीवर डबे उघडले गेले. आजूबाजूच्या शेतकरी मंडळींना पुऱ्या वाटल्या गेल्या. मग रवींद्रकाका उठले. कांताताई आज स्वतःच्या हाताने गिअर टाकणार आहेत, हा आपल्या सर्वांसाठी कसा क्षण आहे, यावर त्यांनी सुरुवात केली. अपर्णा व्हिडिओ काढत होती. काकांचं दुसरं वाक्य संपलं तेव्हा मला ते सहन होईना.

“काका, गिअर मी टाकत नाही,” मी म्हणाले. “आपोआप पडतात. मी ठराव मोडलाय. ट्रक सुटला की मला हसू येतं आणि मला गिअर टाकायचं सुचत नाही. आधीचे दोन गिअरबॉक्स मीच फोडलेत.”

पुऱ्या हवेत थांबल्या. अपर्णाने फोन खाली घेतला. मला वाटलं आता ही माणसं घरी जाणार. रवींद्रकाकांनी चष्मा नाकावर खाली ओढून खिशातून पेन काढलं.

“गिअर हाताने टाकायचे की आपोआप, हे ठरवलं कोणी?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“एकटीने?”

“एकटीने.”

“मग दांडा तुमच्याच हातात होता म्हणायचं,” ते म्हणाले, आणि तिथेच, पुरीभाजीच्या कागदावर, कलम दोनमधल्या बदलाला कार्योत्तर मंजुरी असा ठराव लिहिला. सूचक अपर्णा. अनुमोदक रेखामावशी. विरोधात कोणी नाही. तोवर हेल्मेट घालायची वेळ झाली होती.

माझ्यासमोर क्लेटन नावाचा विल्मरकडचा शेतकरी होता. लाल ट्रक, दोन वर्षांत चार करंडक, आणि वागायला इतका सभ्य की त्याचा रागही येईना. त्याने माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. दांड्यावर हात नव्हता, म्हणून सुरुवातीला एक हात रिकामा-रिकामा वाटला. मग तोही धरला.

मी फक्त दिव्यांकडे बघितलं. दोन वर्षांत मी दिव्यांकडे नीट बघितलंच नव्हतं, माझं अर्धं लक्ष कायम दांड्याकडे असायचं. पिवळा, आणि हिरवा लागला त्याच श्वासात मी सुटले. क्लेटन मागे राहिला. मला त्याचा लाल बोनेट दिसलाच नाही. पाठ सीटला चिकटली आणि हसू आलं, नेहमीसारखं, पोटातून, आणि या वेळी मी त्याला आवरलं नाही. मी हसत होते आणि खाली दुसरा गिअर पडला. मी मोठमोठ्याने हसत होते आणि तिसरा पडला. हेल्मेटची काच आतून धुकट झाली. अगदी शेवटच्या तुकड्यात लाल रंग बाजूने आला, माझ्या पुढे सरकला, आणि रेघ त्याने माझ्याआधी ओलांडली.

परत येताना मी कठड्याजवळून गेले तेव्हा छत्तीस निळे शर्ट सुतक असल्यासारखे उभे होते. मला काचेतून धड दिसत नव्हतं. ट्रक थांबवून उतरले, तर रेखामावशींनी मला मिठीच मारली. सहभाग महत्त्वाचा असतो, असं संग्राम म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापत होता. रवींद्रकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. मी मनात माळा आवरायलाही घेतला होता.

तेवढ्यात धर्मराज पळत येताना दिसले. लग्नाआधी पळत असतील तर माहीत नाही, मी त्यांना कधी पळताना पाहिलेलं नाही. हातात वेळेची चिठ्ठी होती आणि ते श्वास घेऊन बोलायचं सोडून बोलून श्वास घेत होते.

“सात पॉइंट चौऱ्याहत्तर, तू,” ते म्हणाले. “सात पॉइंट सहासष्ट, तो. तू आधी सुटलीस, तुला गाठायला त्याने दाबला, आणि तो सत्तरच्या खाली गेला. तो बाद. कांता, तू जिंकलीस.”

आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन हा टेस्टिंगवाला माणूस चारचौघांत रडायला लागला.

संघाला हे पटवून द्यायला वेळ लागला. जो मागून आला तो जिंकला, हे रवींद्रकाकांना नियमपुस्तिकेत वाचून हवं होतं. ते पटल्यावर जो गोंधळ झाला त्याने शेजारच्या तंबूतला कुत्रा पळून गेला. संग्राम नाचत होता. त्याला नाचता येत नाही. अपर्णा आणि मी एकमेकींचे खांदे धरून नुसत्या उड्या मारत होतो, आणि माझ्या वयाला ते अजिबात शोभत नव्हतं.

मग गोल्फकार्टवरून एक माणूस आला आणि मला म्हणाला की दुसऱ्या फेरीसाठी वीस मिनिटांत रांगेत या. मी त्याला हो म्हटलं. तो गेला. मी धर्मराजांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती रांग कुठे लागते हे आमच्या दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. चौदा कॉलमांत कुठेही नव्हतं.

शेवटी मी क्लेटनकडेच गेले. तो आपला ट्रक ट्रेलरवर साखळीने बांधत होता, घरी जायच्या तयारीत. मी विचारलं, दुसऱ्या फेरीची रांग कुठे असते? त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी त्याला सांगितलं की मी इथे दहाव्यांदा आलेय आणि आजवर हे विचारायची वेळच आली नाही.

त्याने साखळी खाली ठेवली. बोटाने दाखवून भागलं असतं, पण तो माझ्या ट्रकच्या पुढे चालायला लागला, माणसांना हाताने बाजूला करत. मी ट्रकमध्ये बसून हळूहळू त्याच्या मागे निघाले आणि माझ्या मागे छत्तीस निळे शर्ट. पार्किंगच्या शेवटी झाडांची एक ओळ आहे, तिथून तो डावीकडे वळला आणि मला वळायची खूण केली. दोन वर्षं मी या मैदानावर येत होते, आणि त्याचा हा भाग मी कधी पाहिलाच नव्हता.